वेगही हवा, भरवसाही हवा
घरच्या कॉम्प्युटरसाठी डिस्क निवडताना

आखातातल्या कुठल्याही मराठी घरात दोन महत्त्वाची कपाटं असतात. एक सगळ्यांना दिसतं. त्यात पासपोर्ट, शिक्के मारलेली पदवीची सर्टिफिकेटं, भाडेकरार आणि मुलांच्या लसीकरणाची कार्डं असतात. त्याची किल्ली कुठे आहे हे घरातल्या दोनच माणसांना ठाऊक असतं. दुसरं कपाट कुणाला दिसत नाही, कारण ते कॉम्प्युटरच्या पोटात असतं. बारशाचे फोटो, मंडळाच्या गणेशोत्सवात लेकीने केलेलं नाटुकलं, आजोबांनी सुट्टीत नातवाकडून घोकून घेतलेले पाढे, सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर सांगितलेली अनारशांची कृती असा सगळा ऐवज तिथे असतो. या कपाटाला किल्ली नसते आणि ते कुठल्या दर्जाचं आहे याची चौकशीही सहसा कुणी करत नाही. दुकानदाराने बसवून दिलेलं, तेच आपलं.

मी काही कॉम्प्युटर इंजिनिअर नाही. मराठी घेऊन एमए केलं, नाशिकला सहा वर्षं शाळेत शिकवलं आणि लग्नानंतर दुबईला आले. आता घर सांभाळते आणि शुक्रवारी संध्याकाळी बिल्डिंगमधल्या सात-आठ मुलांना मराठी शिकवते. पण शिक्षकाची एक खोड जात नाही. न समजणारी गोष्ट समोर आली की ती दुसऱ्याला समजावून सांगता येईपर्यंत चैन पडत नाही. यंदा घरच्या कॉम्प्युटरची डिस्क बदलायची वेळ आली तेव्हा हेच झालं. त्या अभ्यासातून जे हाती लागलं ते मंडळातल्या मैत्रिणींना आणि इकडच्या-तिकडच्या सगळ्या नातेवाइकांना उपयोगी पडेल, म्हणून हा लेख.

आधी रोग ओळखा

आमचा कॉम्प्युटर २०१८ चा. सुरू व्हायला चार-साडेचार मिनिटं लागायची. बटण दाबून मी कुकर लावून यायचे, तरी पडद्यावर गोल फिरतच असायचं. "नवीनच घेऊन टाकू," नवऱ्याचं मत. मला ते पटेना. वर्गात एखादा मुलगा मागे पडला म्हणून आपण त्याला शाळेतून काढत नाही, आधी कुठे अडतंय ते बघतो.

कॉम्प्युटरचं कुठे अडतंय ते पाहायची सोय विंडोजमध्येच आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की 'टास्क मॅनेजर' उघडतो. त्यातल्या 'परफॉर्मन्स' या भागात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांवर किती ताण आहे ते टक्क्यांत दिसतं. आमच्याकडे प्रोसेसर पंधरा टक्क्यांवर निवांत, मेमरी निम्मी रिकामी आणि डिस्क मात्र सतत शंभर टक्के! म्हणजे स्वयंपाकीण तयार, ओटाही मोकळा, पण कोठीच्या खोलीतून डाळ-तांदूळ आणून देणारा माणूस पायऱ्या चढता-उतरता दमलेला. अशा वेळी नवी स्वयंपाकीण ठेवून उपयोग काय? तो माणूस बदलायला हवा.

तुमच्याकडे मेमरीच नव्वद टक्क्यांच्या वर भरलेली दिसली तर मात्र आधी रॅम वाढवावी लागेल. आणि कॉम्प्युटर फार जुना असेल तर विंडोज ११ त्यावर चालतं का हे पाहून घ्या. इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीच्या प्रोसेसरपासून पुढची यंत्रं चालतात. विंडोज १० ची नियमित देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. त्यामुळे त्याहून जुन्या यंत्रात किती पैसे घालायचे याचा विचार करावा.

फिरणारी तबकडी आणि न फिरणारी चिप

हार्ड डिस्कचा जन्म १९५६ चा. आयबीएमच्या त्या पहिल्या यंत्रात दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, वजन टनाच्या घरात आणि साठवण जेमतेम ५ एमबी. आज फोनवर काढलेल्या एखाद-दुसऱ्या फोटोला तेवढी जागा लागते. पण कामाची तऱ्हा आजही तीच आहे. चुंबकीय लेप दिलेली तबकडी गरगर फिरते आणि तिच्यावरून एक हात पुढे-मागे होत वाचतो-लिहितो. जुना ग्रामोफोन आठवा. फरक इतकाच की ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकते आणि इथलं टोक काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत राहतं. आपला केस त्याच्या हजारो पट जाड. चालू डिस्कला धक्का का लागू द्यायचा नाही, हे यावरून कळेल.

घरगुती हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे मारते. ७२०० म्हणजे सेकंदाला १२०. एका फेरीला ८.३ मिलिसेकंद लागतात, म्हणून हवी ती जागा टोकाखाली यायला सरासरी चारेक मिलिसेकंद थांबावं लागतं. हात योग्य जागी सरकायला आणखी आठ-नऊ. म्हणजे एक तुकडा शोधायला बारा-तेरा मिलिसेकंद, सेकंदात ऐंशीच्या आसपास तुकडे. कॉम्प्युटर सुरू होताना असे हजारो छोटे तुकडे ठिकठिकाणहून गोळा करावे लागतात. माझा कुकर तेवढ्यात का होत असे, त्याचं उत्तर या गणितात आहे.

एसएसडीत फिरणारं काहीच नाही. फोनच्या किंवा कॅमेऱ्याच्या कार्डात असतात तशा चिप्स असतात. या चिप्सचं तंत्र जपानच्या तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली मांडलं. हात नाही, तबकडी नाही, त्यामुळे तुकडा शोधायला मिलिसेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहूनही कमी वेळ पुरतो. सेकंदात हजारो तुकडे हाती येतात.

वर्गात मी असं सांगेन: एका पुस्तकाची शंभर पानं सलग वाचणं वेगळं आणि वाचनालयातल्या शंभर पुस्तकांतून एकेक ओळ शोधून आणणं वेगळं. सलग वाचनात हार्ड डिस्क अगदीच वाईट नाही. सेकंदाला १५० ते २५० एमबी वाचते. शोधाशोध आली की मात्र ती गळपटते. घरच्या कॉम्प्युटरचं बहुतेक काम शोधाशोधीचंच असतं.

सात हजारांचा मोह

एसएसडी घ्यायची एवढं ठरलं, तरी दुकानात गेल्यावर डोळे फिरतात. आम्ही गेलो बर दुबईच्या खालिद बिन वलीद रोडला, ज्याला सगळे कॉम्प्युटर स्ट्रीट म्हणतात. काउंटरवरच्या मुलाने लगेच चकचकीत खोका पुढे केला. "मॅडम, ये ले लो, सात हज़ार स्पीड है. आप के पास जो है वो बैलगाड़ी है."

आता या आकड्यांचा अर्थ पाहू. एसएसडी मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. साटा एसएसडी जुन्या हार्ड डिस्कच्याच वायरला लागते आणि सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास थांबते, कारण त्या वायरीची मर्यादाच तेवढी. एनव्हीएमई एसएसडी च्युइंगमच्या पट्टीएवढी असते आणि थेट मदरबोर्डवर बसते. तिच्या तिसऱ्या पिढीत ३५०० आणि चौथ्या पिढीत ७००० एमबीपर्यंत आकडे छापलेले दिसतात. पण ते सलग वाचनाचे, सगळं अनुकूल असतानाचे आकडे. मोठमोठे व्हिडिओ कापणाऱ्या-जोडणाऱ्याला त्यांचा उपयोग आहे. कॉम्प्युटर सुरू करणं, ब्राउझर उघडणं, मुलांचा प्रोजेक्ट टाइप करणं या कामांत हार्ड डिस्कवरून साध्या साटा एसएसडीवर येताना जमीन-अस्मानाचा फरक पडतो. साटावरून एनव्हीएमईवर जाताना पडणारा फरक घड्याळ लावूनच पाहावा लागतो.

शिवाय आमचा २०१८ चा मदरबोर्ड तिसऱ्या पिढीचा. त्यात चौथ्या पिढीची एसएसडी लागली असती, चाललीही असती, पण धावली असती तिसऱ्याच पिढीच्या वेगाने. बारा पदरी हायवेवर धावणारी गाडी आपल्या गल्लीत तिशीनेच जाते. मदरबोर्डचं मॉडेल मी घरूनच वहीत लिहून नेलं होतं. ते दाखवल्यावर मुलगा हसला आणि गपचूप दुसरा खोका काढला.

दुकानात जाण्याआधी पुढच्या गोष्टी बघून ठेवा. मदरबोर्डवर एम डॉट टू ही खाच आहे का? नसली तर अडीच इंची साटा एसएसडी घ्यावी, ती बहुतेक सगळ्यांना चालते. खाच असली तर ती साटाची, एनव्हीएमईची की दोन्हीची? कारण दोन्ही पट्ट्या दिसायला सारख्याच असतात आणि चुकीची आणली तर कॉम्प्युटरला ती दिसतच नाही. पट्टीची लांबीही पाहावी. २२८० असं लिहिलेलं असेल तर २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. आणि ती बसवायला एक चिमुकला स्क्रू लागतो. तो मदरबोर्डबरोबर आलेला असतो आणि इतक्या वर्षांत बहुधा हरवलेला असतो. दुकानातूनच मागून घ्या.

आणखी एक बारकावा चिपच्या जातीचा. टीएलसी प्रकारात एका कप्प्यात तीन बिट साठवतात, क्यूएलसी प्रकारात चार. दाटीवाटीने बसवल्यामुळे क्यूएलसी स्वस्त पडते, पण एका वेळी खूप मोठी फाइल लिहायला घेतली की मध्येच तिचा वेग कोसळतो आणि तिचं लेखनाचं आयुष्यही कमी असतं. मुख्य डिस्क म्हणून टीएलसी घ्यावी, असं माझं मत झालं.

भरवशाचा आकडा कसा वाचायचा

वेग तर जमला. पण मला खरी काळजी होती ती भरवशाची.

आमच्या ओळखीच्या एका ताईंची गोष्ट सांगते. त्यांचे वडील कीर्तन करायचे. शेवटच्या दोन वर्षांत ताई सुट्टीत गेल्या की त्यांचं रेकॉर्डिंग करायच्या. अशी तेरा-चौदा कीर्तनं झाली होती. वडील गेले. नंतर एका उन्हाळ्यात ती हार्ड डिस्क 'टक् टक्' करू लागली. ताईंच्या मुलाने ती पाच-सहा वेळा बंद करून पुन्हा लावून पाहिली. मग ती दिसेनाशीच झाली. डेटा परत मिळवून देणाऱ्या एका ठिकाणी डिस्क दिली. नव्या कॉम्प्युटरइतके पैसे मोजले तेव्हा चार कीर्तनं परत आली, त्यातली दोन अर्धवट. त्या डिस्कची वॉरंटी शिल्लक होती. कंपनीने नियमाप्रमाणे नवी डिस्क दिली, कोरी. ताई म्हणाल्या, "नवी डिस्क घेऊन काय करू गं? बाबांचा आवाज कुठून आणू?"

वॉरंटी वस्तूची असते, आत ठेवलेल्या ऐवजाची कधीच नसते. हे वाक्य फ्रिजवर चिकटवून ठेवण्यासारखं आहे.

आता खोक्यावरचे भरवशाचे आकडे. हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकात 'एमटीबीएफ १० लाख तास' असं काही लिहिलेलं असतं. भागाकार केला तर ११४ वर्षं येतात, पण म्हणून ती डिस्क पणतवंडांपर्यंत चालेल असं मुळीच नाही. त्याचा अर्थ असा की अशा हजार डिस्क वर्षभर अखंड चालवल्या तर त्यातल्या नऊएक बिघडतील. हा आकडा वर्गाच्या सरासरीसारखा आहे. सरासरी ऐंशी असली तरी तुमच्या बाळ्याला किती मिळतील ते त्यावरून सांगता येत नाही.

प्रत्यक्षातला अनुभव पाहायचा तर बॅकब्लेझ या अमेरिकन कंपनीची आकडेवारी आहे. लोकांच्या फाइलींच्या प्रती सांभाळणं हा तिचा व्यवसाय, लाखो हार्ड डिस्क तिच्याकडे चालू असतात. कुठल्या मॉडेलच्या किती बिघडल्या हे ती २०१३ पासून प्रसिद्ध करते आहे. गेल्या काही वर्षांत हे प्रमाण एकंदरीत वर्षाला १ ते २ टक्क्यांच्या दरम्यान राहिलं आहे. त्या तक्त्यांतून मला एक गोष्ट नीट कळली. एकाच कंपनीचं एक मॉडेल उत्तम निघतं आणि दुसरं रडवतं. तेव्हा 'अमुक कंपनी चांगली, तमुक वाईट' अशी सरसकट विधानं सोडून द्यावीत. तसंही हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या आता जगात तीनच उरल्या आहेत: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा.

आजारपणाची चाहूल लागते का? डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, तिला 'स्मार्ट' म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या मोफत प्रोग्रामने ती वाचता येते. निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध. पण गूगलने २००७ साली आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात बिघडलेल्या डिस्कपैकी एक तृतीयांशाहून जास्त डिस्कनी अशी कुठलीच पूर्वसूचना दिलेली नव्हती. पिवळा रंग दिसला तर त्याच दिवशी प्रत काढावी. निळा दिसतोय म्हणून निर्धास्त मात्र राहू नये.

एसएसडीचं आयुष्य वेगळ्या मापाने मोजतात. तिच्या कप्प्यांत किती वेळा लिहिता येईल याला मर्यादा असते, म्हणून 'टीबीडब्ल्यू' हा आकडा दिलेला असतो. चांगल्या १ टीबी एसएसडीला तो बहुधा ६०० च्या आसपास असतो, म्हणजे एकूण ६०० टीबी लिहिता येईल इतकी हमी. रोज ३० जीबी लिहिलं, आणि घरात इतकं लिहिलं जात नाही, तरी वीस हजार दिवस, म्हणजे चोपन्न वर्षं होतात. तेव्हा एसएसडी झिजून जाईल ही भीती नको. ती बिघडते तेव्हा बहुधा आतल्या इलेक्ट्रॉनिक्समुळे बिघडते, आणि हार्ड डिस्कसारखी कण्हत-कुथत नाही. काल चालत होती, आज नाही. शिवाय एसएसडीवर पुसलेली फाइल परत मिळण्याची आशा फारच थोडी असते, कारण पुसलेली जागा ती स्वतःच साफ करून ठेवते.

फसवणूक आणि बारीक अक्षरं

१ टीबीची डिस्क लावल्यावर विंडोज ९३१ जीबी दाखवतं. यात कुणी कापलेलं नसतं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. शेर आणि किलोसारखं आहे ते.

खरी फसवणूक वेगळीच असते. '१६ टीबी पोर्टेबल एसएसडी' अगदी किरकोळ किमतीत विकायला दिसते. आत एखादं छोटंसं मेमरी कार्ड आणि खोटा आकडा सांगणारी चिप असते. फाइली कॉपी होताना दिसतात, पण खरी जागा संपली की पुढचं सगळं हवेत जातं. संशय आला तर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू हा मोफत प्रोग्राम डिस्क पूर्ण भरून, पुन्हा वाचून खरं-खोटं करतो. मी तर नवी डिस्क, मग ती कुठल्याही दुकानातली असो, अशी तपासल्याशिवाय वापरायला घेत नाही. वेळ लागतो, पण रात्री लावून झोपायचं.

हार्ड डिस्कमध्ये 'एसएमआर' आणि 'सीएमआर' असे दोन प्रकार असतात. एसएमआरमध्ये लेखनाच्या ओळी कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. जागा वाचते, पण जुनं बदलून नवं लिहिताना शेजारची कौलंही हलवावी लागतात, म्हणून वेग मंदावतो. आपल्या काही मॉडेलांत हा प्रकार आहे हे तिन्ही कंपन्यांनी २०२० साली, ग्राहकांनी ओरड केल्यावर स्पष्ट केलं. फोटो एकदा ठेवून द्यायचे असतील तर एसएमआर चालेल. रोजच्या कामाला सीएमआर घ्यावी. दोन्हींची नावं कंपनीच्या माहितीपत्रकात मिळतात.

वॉरंटी किती वर्षांची आणि कुठल्या देशात चालते ते विचारून घ्या. इथे घेतलेली वस्तू भारतात नेली की काही वेळा हात वर केले जातात. आणि बिलाचा फोटो लगेच काढा. थर्मल कागदावरची शाई इथल्या उन्हाळ्यात वर्षभरही टिकत नाही.

आम्ही काय केलं

शेवटी आम्ही तीन वस्तू घेतल्या. १ टीबीची, तिसऱ्या पिढीची, टीएलसी एनव्हीएमई एसएसडी, पाच वर्षांच्या वॉरंटीची. तिच्यावर विंडोज आणि रोजचं काम. ४ टीबीची सीएमआर हार्ड डिस्क, फोटो-व्हिडिओंसाठी. आणि एक २ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क, तिचं काम पुढे सांगते. सात वर्षांची जुनी डिस्क काढून, नाव-तारीख लिहून ठेवून दिली.

जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं एसएसडीवर आणायला क्लोनिंग म्हणतात. मोठ्या कंपन्या त्यासाठी आपापला प्रोग्राम मोफत देतात. त्याआधी एक करा: विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, नाहीतर नव्या डिस्कवर आपल्याच घराला कुलूप लागलेलं दिसेल. यंत्र उघडण्यापूर्वी वायर काढा आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. इथल्या एसीच्या कोरड्या हवेत हे विशेष सांभाळावं. स्क्रू नवऱ्याने पिळले, टॉर्च लेकीने धरला. कॉम्प्युटर आता वीस सेकंदांत सुरू होतो आणि कुकर लावायला मला वेगळा मुहूर्त शोधावा लागतो. एसएसडीचा पाचवा भाग रिकामा ठेवायचा नियम आम्ही केला आहे, कारण गच्च भरली की ती मंदावते.

तीन, दोन, एक

इतका अभ्यास करून मी ज्या निष्कर्षाला आले तो जरा गमतीचा आहे. कधीही न बिघडणारी डिस्क बाजारात मिळतच नाही. आपण निवड करून धोका कमी करतो, संपवत नाही. तो संपवायला जवळ जाणारा उपाय एकच, एकापेक्षा जास्त प्रती.

पीटर क्रोघ या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम सोपा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. आपल्यासारख्या दोन देशांत संसार असलेल्यांना तो फार सोयीचा. आमची एक प्रत कॉम्प्युटरमध्ये, निवडक फोटो आणि कागदपत्रं क्लाउडवर आणि तिसरी प्रत त्या पोर्टेबल डिस्कवर, नाशिकला सासूबाईंच्या कपाटात. सुट्टीला जाताना नवी प्रत न्यायची, आधीची परत आणायची. सासूबाई तिला 'दुबईची डबी' म्हणतात आणि पैठणीच्या घडीत ठेवतात. पासपोर्टचे स्कॅन त्यात असल्यामुळे आम्ही तिला पासवर्ड लावला आहे आणि तो कागदावर, वेगळ्या जागी, सीलबंद पाकिटात आहे. पासवर्ड विसरला तर ती डबी आपल्यालाही उघडत नाही.

विमानात ती हातातल्या बॅगेत ठेवावी. विमानतळावरच्या एक्स-रेने तिला काही होत नाही, पण सामानाच्या आदळआपटीने होऊ शकतं. इथल्या उन्हाळ्यात गाडीत मात्र कधीही विसरू नका. बंद गाडीतलं तापमान डिस्कच्या सोसण्यापलीकडे सहज जातं. वर्षानुवर्षं कपाटात ठेवायला हार्ड डिस्क बरी. एसएसडीला वीज मिळाली नाही तर, विशेषतः गरम जागी, तिच्यातला साठा हळूहळू विरू शकतो. आणि भारतातल्या नातेवाइकांसाठी: वीज अचानक जाण्याचा त्रास असेल तर कॉम्प्युटरला यूपीएस लावा. लिहिता लिहिता वीज गेली तर फाइल आणि डिस्क दोन्हींना इजा होऊ शकते.

'टक् टक्' आवाज आला तर डिस्क ताबडतोब बंद करा. पुन्हा पुन्हा लावून पाहू नका, फ्रीझरमध्ये तर मुळीच ठेवू नका. प्रत असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर ती बंद अवस्थेतच जाणकाराकडे न्या.

आपल्याकडे दिवाळीत लक्ष्मीपूजनाला हिशेबाच्या वह्या पुजायची रीत आहे. त्याच्याच जोडीला आमच्या घरी आता एक काम ठरलं आहे. फराळाचे डबे भरून झाले की वर्षभराचे फोटो फोनमधून उतरवायचे, तिन्ही प्रती ताज्या करायच्या आणि त्यातले चार-दोन व्हिडिओ उघडून खरंच चालतात का ते पाहायचं. न तपासलेली प्रत म्हणजे न चाखलेलं मीठ. यंदा लेकीने उघडून पाहिला तो पाढ्यांचा व्हिडिओ. तिचे आजोबा अडीचकी म्हणत होते आणि ती पाठोपाठ चुकत होती.

तुमच्या घरी हे काम कुणाकडे आहे? ठरलं नसेल तर या चार दिवसांत ठरवून टाका. मदत लागली तर शुक्रवारी संध्याकाळी मुलांचा वर्ग सुटल्यावर मी असतेच. मदरबोर्डचं मॉडेल तेवढं लिहून आणा. सगळ्यांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!